वेंबनाड सरोवर

केरळच्या किनाऱ्याला समांतर पसरलेले, भारतातील सर्वांत लांब सरोवर. आळप्पुळा, कोट्टयम व एर्नाकुलम या जिल्ह्यांत मोडणाऱ्या या सरोवराची लांबी सुमारे ९६ किमी. आहे. त्याच्या आणि अरबी समुद्राच्या मध्ये वाळूची अरुंद पट्टी असून समुद्राशी मुख्य संबंध कोचीजवळच्या मुखातून येतो. १३४१ साली पेरियार नदीला आलेल्या महापुरामुळे हे मुख खुले झाले व उत्तरेकडचे मुझिरिस बंदर गाळाने बुजले, असे मानले जाते. पंपा, अच्चनकोविल, मणिमला व मीनच्चिल या नद्या दक्षिण भागात सरोवराला मिळतात. मूवाट्टुपुळा नदी त्यांच्या उत्तरेस मिळते. सरोवर असे नाव असले, तरी त्याचा दक्षिण भाग नद्यांच्या पूरमैदानाचा आणि उत्तर भाग खाडीचा आहे.

येथील जीवसृष्टीचे वेळापत्रक पाण्याच्या क्षारतेवर ठरते. जून ते सप्टेंबर नद्यांचा लोंढा इतका मोठा असतो की जवळजवळ सारे सरोवर गोडे होते. कोचीच्या मुखाशी मात्र वर गोडे आणि तळाशी जड खारे पाणी असे थर राहतात. ईशान्य मोसमी पाऊस संपला की नद्या आटतात आणि भरतीचे पाणी दक्षिणेकडे सरकू लागते. पूर्वी उन्हाळ्यात हे मचूळ पाणी थेट कुट्टनाड या दक्षिणेकडील सखल भागातल्या शेतांपर्यंत पोचत असे. अनेक जीवांना या दोन्ही अवस्था लागतात. मोठी गोड्या पाण्यातील कोळंबी नद्यांत व सरोवराच्या गोड्या भागात वाढते. पण तिचे डिंभ मचूळ पाण्यातच जगतात. त्यामुळे अंडी वाहणाऱ्या माद्या मुखाच्या दिशेने उतरतात आणि वाढलेली पिल्ले परत वर चढतात. तळाच्या चिखलात राहणाऱ्या काळ्या शिंपल्यालाही पैदाशीसाठी थोडी क्षारता आवश्यक असते. त्याच्या जुन्या कवचांचे थर तळाशी साठलेले असून चुना व सिमेंट यांसाठी ते उपसले गेले आहेत. करिमीन हा येथील सर्वांत प्रतिष्ठेचा मासा. गोव्यात कालुंद्र म्हणतात तो हाच. त्याचे नर-मादी दोघेही अंड्यांची राखण करतात.

दक्षिणेकडील कुट्टनाडमध्ये एकोणिसाव्या शतकापासून सरोवराचा भाग बांध घालून, पाणी उपसून भातशेतीखाली आणण्यात आला. ही शेते समुद्रसपाटीच्या सुमारे २ मीटरपर्यंत खाली आहेत. समुद्रसपाटीखालील या शेतीला अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये जागतिक महत्त्वाच्या कृषिवारशाचा दर्जा दिला. वारशाचे कौतुक रास्त असले, तरी या शेतीसाठी सरोवराचे क्षेत्र बरेच आक्रसले आणि पुराचे पाणी पसरायची जागा कमी झाली. काही भागांतील काळी ‘करी’ माती गंधकयुक्त आहे. ती वाळून हवेशी संबंध आला की आम्ल तयार होते.

उन्हाळी पिकाला खाऱ्या पाण्यापासून वाचवण्यासाठी १९७०च्या दशकात तण्णीरमुक्कम येथे सरोवराच्या आरपार दारे असलेला बंधारा उभारला गेला. ही दारे साधारणपणे डिसेंबरमध्ये लावली जातात आणि कापणीनंतर उघडली जातात. भाताचे पीक वाढले खरे, पण इतर जवळपास सर्वांनाच याचा तोटा झाला. कोळंबीची वाट ऐन हंगामात अडली आणि तिचे उत्पादन घसरले. बंद काळात दक्षिण भागात खते, कीटकनाशके व सांडपाणी साचून राहते. पर्यटकांच्या हाउसबोटींची त्यात अलीकडे भर पडली आहे. जलपर्णी खाऱ्या पाण्यात टिकत नाही. पूर्वी उन्हाळ्यात ती आपोआप मरत असे. आता ती पाण्यावर दाट पसरून खालचा प्रकाश व प्राणवायू अडवते. शेतांतील आम्ल आणि कीड यांनाही खाऱ्या पाण्याने आळा बसत असे. शेतकऱ्यांना दारे लावून हवी असतात आणि मच्छीमारांना उघडून, त्यामुळे उघडण्याची तारीख हा नेहमीचा वादाचा विषय आहे.

बंधाऱ्याविना भात पिकवण्याची रीत उत्तरेकडे, कोचीभोवतालच्या खाजणांत आढळते. पोक्काळी ही क्षार सहन करणारी उंच वाढणारी जात पावसाळ्यात, क्षार धुतले गेल्यावर लावतात. ऑक्टोबरच्या सुमारास केवळ कणसे कापली जातात. पाण्यात कुजणारी ताटे पुढील हंगामात भरतीबरोबर आत घेतलेल्या कोळंबीचे खाद्य होतात. कोळंबीच्या विष्ठेने पुढचे भात पोसते. वेगळे खत घालावे लागत नाही. गोव्यातील खाजणांत ‘मानस’ नावाच्या दारांनी भरती-ओहोटी आवरण्याची पद्धत याच्या जवळची आहे. मजुरांची टंचाई आणि केवळ कोळंबीत मिळणारा अधिक नफा यांमुळे पोक्काळीचे क्षेत्र घटत चालले आहे.

वेंबनाड व त्रिशूर परिसरातील कोळ पाणथळी मिळून सुमारे १,५१२ चौ. किमी. क्षेत्राचा २००२ मध्ये रामसर यादीत समावेश झाला. हिवाळ्यात येथे २०,००० हून अधिक पाणपक्षी उतरतात. कुमरकम येथील अभयारण्यात पाणकावळे, तिरंदाज, जांभळे बगळे व स्थलांतरित बदके दिसतात.

पुराच्या निचऱ्यासाठी १९५५ मध्ये तोट्टप्पळ्ळी येथे सांडवा बांधण्यात आला. तो नद्यांचे पाणी थेट समुद्रात सोडतो. मात्र त्याच्याकडे येणारा कालवा अपुरा पडतो आणि मुखाशी वाळूचा बांध साचतो, म्हणून निचरा आराखड्यातील क्षमतेपेक्षा पुष्कळच कमी होतो. पावसाळ्याआधी ही वाळू कापावी लागते. ऑगस्ट २०१८ च्या महापुरात कुट्टनाडमधील बहुतेक वस्ती हलवावी लागली आणि पाणी ओसरायला कित्येक आठवडे लागले.