निनावी पत्र ते अनामिक ई-मेल : दंडविधीतील एका प्रश्नाचा इतिहास

आपले नाव झाकून दुसऱ्यास पत्राद्वारे छळण्याचा प्रकार ई-मेलच्या पुष्कळ आधीचा आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने त्याची स्वतंत्र दखल घेतली होती. कलम ५०३ मध्ये फौजदारीपात्र धाकदपटशाची व्याख्या केल्यावर कलम ५०७ ने असे ठरविले की, धमकी निनावी असेल, किंवा ती देणाऱ्याने आपले नाव अथवा ठावठिकाणा लपविण्याची खबरदारी घेतली असेल, तर मूळ शिक्षेखेरीज आणखी दोन वर्षांपर्यंत कारावास देता येईल. येथे निनावीपणा हा स्वतः गुन्हा नाही. धमकी सिद्ध झाल्यावर तो गुन्ह्याचे गांभीर्य वाढवितो, हा भेद महत्त्वाचा आहे.

परंतु व्याख्येने लिहिणारा सापडत नाही. त्यासाठी १८७२ च्या पुरावा अधिनियमाने हस्ताक्षरतज्ज्ञाचे मत कलम ४५ खाली आणि हस्ताक्षराशी परिचित असलेल्या व्यक्तीचे मत कलम ४७ खाली ग्राह्य मानले. निनावी पत्रातही लिहिणाऱ्याचा हात आणि टपालाचा शिक्का शिल्लक राहत असे.

ई-मेलमध्ये हस्ताक्षर उरले नाही. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ई-मेल वहनाच्या नियमावलीत प्रेषक खरोखर तोच आहे काय, हे पडताळण्याची सोय नव्हती. त्या काळचे जाळे मुख्यतः संशोधनसंस्थांचे असल्याने तिची निकड भासली नसावी. मात्र पत्र स्वीकारणाऱ्या प्रत्येक संगणकाने त्यावर आपली वेळेसह नोंद करावी, हा दंडक त्याच नियमावलीत होता. हस्ताक्षर गेले, तरी शिक्का राहिला. एका स्त्रीच्या नावे खोटे ई-मेल खाते उघडून तिची बदनामी करणाऱ्यास चेन्नईच्या एग्मोर न्यायालयाने नोव्हेंबर २००४ मध्ये दोषी ठरविले, तेव्हा तज्ज्ञांच्या पुराव्याबरोबर सायबर कॅफेचालकाची साक्षही उपयोगी पडली.

यापुढे कायद्याने मात्र पुराव्याऐवजी व्याख्या रुंदावण्याचा मार्ग धरला. माहिती तंत्रज्ञान अधिनियमात २००८ च्या दुरुस्तीने घातलेले कलम ६६-अ हे २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आले. त्रास वा गैरसोय व्हावी, किंवा संदेशाच्या उगमाविषयी फसगत व्हावी, या हेतूने पाठविलेला ई-मेल तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र ठरला. वरवर पाहता अनामिक छळाचे हे नेमके उत्तर होते. प्रत्यक्षात नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर मत मांडणाऱ्या आणि त्यास पसंती देणाऱ्या दोन तरुणींना अटक झाली, तीत या कलमाचाही आधार घेण्यात आला. त्या दोघी निनावी नव्हत्या. ज्याने नाव झाकले त्यास शोधणे कठीण, ज्याने नाव उघड केले त्यास धरणे सोपे. व्यापक कलमाचा भार सोप्या बाजूस झुकला. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातील शब्द संदिग्ध ठरवून आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी विसंगत मानून संपूर्ण कलम रद्द केले.

१८६० चे अरुंद कलम मात्र टिकले. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१(४) मध्ये नांदत आहे. त्याची मर्यादाही उघड आहे : धमकी नसलेल्या, परंतु रोज येणाऱ्या त्रासदायक पत्रांस ते लागू पडत नाही. २०१३ मध्ये आलेल्या पाठलागाच्या गुन्ह्याने ही उणीव काही अंशी भरून काढली. पण तो गुन्हा केवळ पुरुषाने स्त्रीचा केलेल्या पाठलागापुरताच आहे.

पीडिताचे यश बहुधा कलमापेक्षा नोंदींवर अवलंबून असते. सर्ट-इन या शासकीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशान्वये सेवादात्यांनी आपल्या प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपावयाच्या आहेत. त्या मुदतीनंतर माग नाहीसा होण्याचा संभव असल्याने विलंब हा छळणाऱ्याच्या पथ्यावर पडतो. आलेले पत्र संतापाने पुसून न टाकता त्याच्या संपूर्ण शीर्षनोंदींसह जपणे आणि तक्रार लवकर करणे, यातच निनावीपणा भेदण्याची शक्यता आहे. गुन्ह्याची व्याख्या दीडशे वर्षांपूर्वीच झाली होती. उणीव राहिली ती पुराव्याची, आणि शिक्षा वाढवून ती भरून निघत नाही.