वाकलेले चाक आणि विल्म यांचा शोध

बैलगाडीची लोखंडी धाव वाकडी झाली, तर लोहार ती तापवून ठोकतो. मोटारीच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या चाकाला हा उपाय का चालत नाही?

जर्मनीत १९०६ साली आल्फ्रेड विल्म यांनी तांबे व मॅग्नेशियम मिसळलेले ॲल्युमिनियम तापवून झटकन थंड केले. नुसते ठेवल्यावर काही दिवसांत ते आपोआप अधिक कठीण झाले! कारण १९३८ मध्ये क्ष-किरणांनी उलगडले. गिनिए व प्रेस्टन यांना धातूत तांब्याच्या अणूंचे सूक्ष्म पुंजके आढळले. ते अणूंचे थर सहज घसरू देत नाहीत.

आजच्या चाकांत बहुधा सिलिकॉन व मॅग्नेशियम असते, तत्त्व तेच. असे चाक ज्योतीने तापवले, की हे सूक्ष्म कण मोठे व विरळ होतात. चाक सरळ दिसते, पण बळ गेलेले असते. म्हणून वरवरचा ओरखडा घासून रंगवावा; तडा गेलेले चाक मात्र बदलावेच.