दुधीचा पाव

वेल लावणे माणसाच्या हातात असते, थांबवणे नसते, हे मला कुणी आधी सांगितले नाही. पावसाळ्याच्या तोंडी परसात दुधीच्या चार बिया टोचल्या. गणपती येईस्तोवर मांडव दिसेनासा झाला आणि नुसते दुधीच दिसू लागले. पहिला दुधी आम्ही कौतुकाने खाल्ला, दुसरा आवडीने, पाचवा कर्तव्य म्हणून. दहाव्यापासून मी शेजारीपाजारी वाटप सुरू केले. पुढे पुढे माझ्या हातात पिशवी दिसली की समोरचे नाना दार लावून घेऊ लागले. उसने मागायला गेलो होतो तेव्हासुद्धा या माणसाने दार लावले नव्हते!

ही कर्मकहाणी अमेरिकेतल्या लेकीला फोनवर ऐकवली, तर ती हसतच सुटली.

"बाबा, इथे झुकिनीचं हेच होतं. आठ ऑगस्टला रात्री शेजाऱ्याच्या दारात गुपचूप झुकिनी ठेवून पळायचं, असा दिवसच पाळतात गमतीने. आणि उरलेल्याचा ब्रेड करतात. तुम्ही दुधीचा करा."

झुकिनी म्हणजे भोपळ्याच्याच कुळातली, तेव्हा आमच्या दुधीची लांबची बहीण. तिचे पूर्वज मूळचे अमेरिकेचे. ते समुद्र ओलांडून युरोपात गेले, इटलीतल्या माळ्यांनी त्यांच्यातून ही हिरवी कांडी घडवली आणि विसाव्या शतकात इटालियन लोकांबरोबर ती पुन्हा अमेरिकेत आली. म्हणजे मुलगी परदेशी जाऊन नवे नाव घेऊन माहेरी परतली म्हणायची. १९७० च्या दशकात तिकडे घरोघरी तिचा ब्रेड भाजला जाऊ लागला. कारण सोपे होते, वेल थांबत नव्हता.

नावाला ब्रेड, पण त्यात यीस्ट नाही. मळणे नाही, फुगायची वाट पाहणे नाही. तीन वाट्या मैदा, दोन वाट्या कीस, साखर, तेल, अंडी, दालचिनी आणि फुगवायला सोडा व बेकिंग पावडर. ही पावडर एकोणिसाव्या शतकातल्या रसायनशास्त्रज्ञांची देणगी. त्यांनी अर्ध्या दिवसाचे काम तासावर आणले.

मी किसणीवर बसलो. आमची ही लांबूनच म्हणाली, "अहो, बोटं सांभाळा." नव्वदीला टेकलेली आई मात्र जवळ येऊन परातीत डोकावली आणि हळूच म्हणाली, "पीठ संपलंय का रे घरातलं?"

मी हसलो. म्हातारपणी माणूस काहीतरीच विचारतो.

पाव भाजायला तासभर लागतो. तेवढ्यात मी याच विषयावर जमवलेले वाचन पुढे नेले आणि माझे हसू जरा कमी झाले. पिठात भाजी घालण्याचा इतिहास बराचसा भरल्या मांडवाचा नाहीच, रिकाम्या डब्याचा आहे. फ्रान्समध्ये पार्मांतिए नावाच्या औषधशास्त्रज्ञाने अठराव्या शतकात बटाट्याच्या पावावर पुस्तक लिहिले, ते दुष्काळाच्या धाकाने. पहिल्या महायुद्धात जर्मनीची नाकेबंदी झाली, तेव्हा पावात बटाटा शिरला. १९१६-१७ च्या हिवाळ्यात बटाट्याचेही पीक बुडाले आणि लोकांना सलगमवर्गी कंदांवर दिवस काढावे लागले. त्या हिवाळ्याचे नावच सलगमचा हिवाळा पडले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये लोकांनी हिरवळी खणून भाज्या लावल्या आणि परदेशी गहू वाचवण्यासाठी सरकार घरोघर बटाटा वापरायला सांगत होते. १९४२ साली तिथे कोंड्यासकटचा करडा सरकारी पाव आला. तो लोकांनी खाल्ला, पण नावे ठेवत खाल्ला.

इतक्यात पाव झाला. वरून खरपूस, आतून ओलसर. दुधीचे पाणी वाया जात नाही, ते पावाला मऊ ठेवते. पहिला तुकडा आईला दिला. तिने तो चावला, डोळे मिटले आणि म्हणाली, "अरे, हे तर धोंडस!"

आई रत्नागिरीकडची. तिकडे पावसाळ्याच्या शेवटी वेलावर जून काकड्या उरतात. त्या किसून, तांदळाचा रवा आणि गूळ घालून पातेल्यात ठेवायच्या, खाली विस्तव आणि झाकणावर निखारे. झाले धोंडस. गोव्यात त्यालाच तवसळी म्हणतात. माझ्या लेकीने सातासमुद्रापलीकडून जे शिकवले, ते माझ्या आजीच्या चुलीवर होतेच.

"युद्धाच्या वेळी तर रोज असायचं," आई म्हणाली. "आम्ही पोरं नाचायचो. आईला विचारलं, आज पण धोंडस? तर म्हणायची, हो, तुमचे लाड. मोठी झाल्यावर कळलं, तांदूळच नव्हता."

नसणारच. १९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिकडून येणारा तांदूळ बंद झाला. मुंबईत १९४३ साली रेशनिंग आले. कोकणातल्या त्या पातेल्यात रवा कमी होत गेला, काकडी वाढत गेली आणि मुलांना वाटले, आपले लाड चालले आहेत.

मी काही बोललो नाही. आईला हात धरून कोठीत नेले आणि पिठाचा डबा उघडून दाखवला. काठोकाठ भरलेला. तिने पिठावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाली, "मग दे आणखी एक तुकडा."

उरलेला पाव नानांकडे नेला. पिशवी नव्हती, ताट होते, त्यामुळे दार उघडे राहिले. खाऊन म्हणाले, "झकास! कशाचा आहे?"

मी म्हणालो, "तुमचे लाड."