बिअरच्या कारखान्यातली देणगी

लघवीच्या नमुन्यात पट्टी बुडवायची, बाटलीच्या काठावर निथळवायची आणि मिनिटभर थांबायचं. नायट्राइटचा पांढरा चौकोन गुलाबी झाला, तर मूत्रमार्गात जंतुसंसर्ग असल्याचा दाट संशय. गल्लीबोळातल्या लॅबलाही परवडणाऱ्या या तपासणीचं रसायनशास्त्र दवाखान्यात जन्मलेलं नाही. ते शोधलं बिअरच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या माणसानं.

योहान पेटर ग्रीस हा मूळचा जर्मन. १८५८ मध्ये त्याला डायझो संयुगं सापडली. कापड रंगवणाऱ्या अझो रंगांचा अवाढव्य उद्योग पुढे त्यांवरच उभा राहिला. ग्रीस मात्र १८६२ मध्ये इंग्लंडच्या बर्टन-ऑन-ट्रेंटमधल्या ऑलसॉप कंपनीत रुजू झाला आणि १८८८ मध्ये मरेपर्यंत तिथंच राहिला. हिंदुस्थानातल्या साहेबलोकांसाठी जहाजं भरभरून पेल एल बिअर धाडणारी हीच ती कंपनी. १८७९ मध्ये त्यानं नायट्राइटची कसोटी मांडली. दोन रसायनं घातली की नायट्राइट अगदी थोडं असलं तरी लाल रंग उमटतो. पट्टीवरचा गुलाबी चौकोन त्याच तत्त्वावर चालतो.

मूत्रमार्गाच्या बहुतेक संसर्गांना जबाबदार असलेला ई. कोलाय हा जंतू लघवीतल्या नायट्रेटचं नायट्राइट करतो. क्रुइकशँक आणि मॉइस यांनी लघवीतल्या नायट्राइटचं महत्त्व ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडलं, ते १९१४ मध्ये. ग्रीस जाऊन तेव्हा पाव शतक उलटलं होतं.

१९५६ मध्ये बोस्टनच्या एडवर्ड कॅस यांनी संसर्गाची मोजपट्टी ठरवली: मिलिलिटरमागे एक लाख जंतू. गरोदर बाईला काडीचाही त्रास नसताना लघवीत जंतू असू शकतात आणि पुढे ते किडनी गाठू शकतात, हे त्यांनी ठासून दाखवलं. पण नमुन्यातले जंतू वाढवून मोजायच्या तपासणीला, म्हणजे कल्चरला, एक-दोन दिवस लागतात. प्रत्येकीचं करायचं तर खर्चही मोठा. झटपट चाळणीची गरज इथं होती. त्याच वर्षी अमेरिकेत हेलन आणि आल्फ्रेड फ्री यांची, लघवीतली साखर दाखवणारी पट्टी बाजारात आली. नायट्राइट आणि पांढऱ्या पेशींचे चौकोन त्या धर्तीच्या पट्ट्यांवर नंतर चढले.

पट्टीला मर्यादा आहेत. पुरेसं नायट्राइट व्हायला लघवी मूत्राशयात चारेक तास राहावी लागते, आणि एन्टेरोकॉकससारखे जंतू ते करतच नाहीत. म्हणून सकाळची पहिली, मधल्या धारेची लघवी न्यावी. पट्टी कोरी आली तरी जळजळ थांबत नसेल, तर डॉक्टरांकडे कल्चरचा आग्रह धरावा. गरोदरपणात तर त्रास नसला तरी एकदा कल्चर करून घ्यावंच.