वरळीच्या पडद्यावरील स्मिता पाटील : अभिनेत्रीआधीची वृत्तनिवेदिका

१/ स्मिता पाटील यांचे चरित्र सहसा चित्रपटांपासून सुरू होते. त्याआधीच्या वृत्तनिवेदनाच्या पर्वाला एखादे वाक्य मिळते. ते पर्व मात्र स्वतंत्रपणे पाहण्याजोगे आहे.

२/ २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. दिल्लीनंतरचे हे देशातील दुसरे केंद्र. वरळीच्या उंच मनोऱ्यावरून निघालेले कृष्णधवल चित्र शहराबरोबर उपनगरांतही पोहोचू लागले. खाडीपलीकडची मनोरी-गोराईसारखी गावेही त्याच्या टप्प्यात होती.

३/ या केंद्राच्या आरंभीच्या वर्षांत मराठी बातम्या वाचणाऱ्यांत भक्ती बर्वे होत्या, तशाच स्मिता पाटीलही. स्मितांचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ चा, पुण्यातला. म्हणजे कॅमेऱ्यासमोर बसल्या तेव्हा त्यांनी विशीही ओलांडलेली नव्हती.

४/ बातमीपत्र थेट प्रक्षेपित होई. हातातील कागदावर दृष्टी, क्षणात ती उचलून प्रेक्षकांकडे, आणि चूक झाली तर सावरण्यास दुसरी संधी नाही. स्वर संयत, चेहरा स्थिर, उच्चार निर्दोष हवा.

५/ याचे मोल कळण्यासाठी ब्रिटनकडे पाहावे. १९६० मध्ये बीबीसीने नॅन विंटन यांना राष्ट्रीय बातम्या वाचण्यास बसवले. स्त्रीने बातम्या सांगणे अनेक प्रेक्षकांना रुचले नाही आणि त्यांना दूर करण्यात आले. तेथे अँजेला रिपन नियमित वृत्तनिवेदिका झाल्या त्या १९७५ मध्ये. त्याआधीच मुंबईकरांच्या घरात गंभीर बातमी तरुण मराठी स्त्रीच्या तोंडून येऊ लागली होती.

६/ श्याम बेनेगल यांनी त्यांना याच छोट्या पडद्यावर पाहिले. १९७५ मध्ये ‘चरणदास चोर’ आला. पुढे ‘मंथन’, ‘भूमिका’, ‘जैत रे जैत’, ‘उंबरठा’. ‘भूमिका’ आणि ‘चक्र’साठी राष्ट्रीय पुरस्कार, १९८५ मध्ये पद्मश्री.

७/ ‘बेनेगलांनी शोधलेली अभिनेत्री’ हे वर्णन म्हणूनच अपुरे ठरते. कॅमेऱ्याकडे न बिचकता पाहणे आणि शब्दाला वजन देऊन थांबणे, हे त्यांच्या अभिनयात पुढे दिसणारे गुण वृत्तनिवेदनालाही लागतातच. दिग्दर्शकाने निवडण्यापूर्वी प्रेक्षकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवलेला होता.

८/ १३ डिसेंबर १९८६ रोजी, अवघ्या एकतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. चित्रपट पुन्हा पाहता येतात. थेट वाचलेली बातमी मात्र वाचताक्षणीच विरून जाते. जीन्सवर साडी नेसून त्या बातम्या वाचत, ही आख्यायिका सर्वतोमुखी झाली. किस्सा टिकला, काम विस्मरणात गेले. निवेदकांच्या इतिहासाची हीच खरी अडचण आहे, आणि म्हणूनच तो लिहिला गेला पाहिजे.