बिडाची चूल आणि सुरतेची मराठी घरे

सुरतेतल्या आपल्या मराठी समाजाचा इतिहास सांगायला बसले की शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० सालच्या स्वाऱ्या, गायकवाडांचे सोनगड, मराठी शाळा, गणेशोत्सव आणि नाट्यप्रयोग यांचा उल्लेख हमखास होतो. तो व्हायलाच हवा. पण स्वयंपाकघर मात्र राहून जाते. कोण कशावर रांधत होते, जळण कुठून येत होते आणि धूर कोणाच्या डोळ्यांत जात होता, हे कोणी लिहून ठेवले नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही एक साधी वस्तू निवडली आहे, ती म्हणजे बिडाची लाकडावर चालणारी चूल. आपल्याकडच्या काही जुन्या घरांत ती अजून माळ्यावर किंवा अगाशीत पडून आहे. घर पाडायला निघाले की ती किलोच्या भावाने भंगारात जाते.

बीड म्हणजे काय?

बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात कार्बनचे प्रमाण साधारण दोन ते चार टक्के असते. त्यामुळे ते सुमारे ११५० ते १२०० अंश सेल्सिअसला वितळते. साध्या पोलादाला १५०० अंशांच्या आसपास तापवावे लागते. वितळलेले बीड पाण्यासारखे वाहते आणि साच्याच्या कानाकोपऱ्यात जाते, म्हणून चुलीच्या दारावरची वेलबुट्टीसुद्धा त्यात उठून दिसते. ते उष्णता धरून ठेवते, आचेने सहसा वाकत नाही आणि पातळ पत्र्याच्या मानाने गंजून झिजायला फार वेळ लागतो. त्याचा दोष एकच, ते ठिसूळ असते. पोलाद वाकते, बीड तडकते. जुनी चूल विकत घेणे, हलवणे आणि बसवणे यांचे सगळे शास्त्र या एका दोषाभोवती फिरते.

तोफेपासून चुलीपर्यंत

पश्चिमेकडच्या थंड देशांत उघड्या शेकोटीतली निम्म्याहून अधिक ऊब धुराड्यातून निघून जाई. ती वाचवण्यासाठी अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनने १७४०च्या दशकात बिडाची शेगडी बनवली. स्कॉटलंडमध्ये १७५९ साली सुरू झालेला कॅरन कारखाना तोफा ओतत असे आणि त्याच भट्ट्यांतून शेगड्या आणि भांडीही निघत. एकोणिसाव्या शतकात अशा चुली बोटींनी जगभर गेल्या आणि साहेबांच्या बंगल्यांबरोबर हिंदुस्थानातही आल्या.

सुरतेला साहेबाचे स्वयंपाकघर नवे नव्हते. इंग्रजांच्या इथल्या वखारीत १६८९ साली आलेल्या ओव्हिंग्टन नावाच्या पाद्र्याने लिहून ठेवले आहे की वखारीत इंग्रज, पोर्तुगीज आणि हिंदी असे तीन प्रकारचे आचारी होते. पण तेव्हाचा स्वयंपाक उघड्या जाळावरचा. बिडाच्या चुलीचे दिवस बरेच नंतरचे.

आपल्या मुलखात ओतकामाचे नाव निघाले की लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण होते. १९०३ साली बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर बनवला आणि १९१०मध्ये औंध संस्थानात कुंडलजवळ किर्लोस्करवाडी वसवली. पहिल्या महायुद्धात कच्चे लोखंड मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या, निकामी तोफा वितळवून नांगराचे फाळ ओतले गेले, ही हकिगत प्रसिद्ध आहे. शाहू महाराजांनी त्या तोफा दिल्या होत्या. बिडाचा हा गुण ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ते पुन्हा वितळते आणि दुसरा जन्म घेते. भंगारात गेलेल्या चुलीचेही तेच होते. फरक एवढाच, की तिच्याबरोबर तिची गोष्टही वितळते.

सुरतेचे जळण

चूल असली तरी जळण हवे. डांगच्या जंगलातला लाकूडफाटा खाली आणण्यासाठी बडोदे संस्थानाने बिलिमोरा ते वघई अशी छोटी रेल्वे टाकली. ती १९१३ साली सुरू झाली. त्याआधी १९०० साली सुरत ते अमळनेर ही ताप्ती व्हॅली रेल्वे पुरी झाली होती आणि खानदेश सुरतेला जोडला गेला होता. आपल्यातली कितीतरी घरे याच गाडीने इकडे आली. खानदेशातून येताना बायकांनी जळणाची सवयही आणली. पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्यांवर भाकरी भाजणाऱ्या हातांना इथे सागाच्या ढलप्या आणि वखारीतली फोडलेली लाकडे मिळाली. कोकणातून आलेली मंडळी करवंट्या जपून ठेवत, कारण बंब पेटवायला त्यांच्यासारखे दुसरे काही नाही.

आमची चूल

आमच्या घरातली बिडाची चूल आजोबांनी जुनी घेतली. १९६० साली द्विभाषिक मुंबई राज्याचे दोन भाग झाले, त्याच्या थोडे आधीची ही गोष्ट. एका बंगल्यातले सामान विक्रीला निघाले होते. आजोबांनी ती कशी पारखली, हे वडील आम्हाला सांगत आणि ती रीत आजही तशीच लागू आहे.

आधी दार, जाळी आणि वरची गोल झाकणे काढून ठेवायची. मग प्रत्येक भागावर छोट्या हातोडीने हलकेच ठोकायचे. धड बीड खणखणते. तडा गेलेले असेल तर आवाज बद्द येतो. नंतर अंधारात आतून दिवा धरायचा आणि बाहेरून उजेडाची रेघ दिसते का ते पाहायचे. वरवरचा गंज भिण्यासारखा नसतो. तो काथ्या आणि राखेने निघतो. जळून वाकडी झालेली जाळी बदलून मिळते. पण मुख्य पेटीला तडा असेल तर सौदा सोडून द्यावा, कारण बिडाला डाग देणे हे सगळ्यांना जमणारे काम नाही.

चूल आणण्यासाठी हातलारी केली होती. सुटे भाग गोणपाटात वेगवेगळे बांधले. मुख्य पेटीखाली लोखंडी नळ्यांचे तुकडे सरकवून ती दारापर्यंत लोटत आणली, फळीवरून लारीवर चढवली आणि दोराने घट्ट बांधली. चार माणसे लागली. रस्त्यात खड्डा आला की लारी थांबवायची आणि हळू उतरवायची, एवढाच आजोबांचा हुकूम होता.

बसवण्याचे कामही घाईचे नाही. खाली विटांचा पक्का ओटा हवा, कारण पाय असमान टेकले तर भार एका कोपऱ्यावर येतो. लाकडी खांब आणि तुळईपासून ती दूर ठेवावी. धुराड्याची नळी शक्य तितकी सरळ आणि छपराच्या माथ्यापेक्षा उंच न्यावी. नळी तापली की आतली हवा हलकी होऊन वर जाते आणि खालून ताजी हवा ओढते. ही ओढ नसेल तर सगळा धूर घरात येतो. सांधे भट्टीच्या मातीने लिंपावेत. पहिले दोन-तीन दिवस अगदी लहान जाळ करावा आणि तापलेल्या बिडावर गार पाणी कधीच ओतू नये.

घरात चूल आली तेव्हा खरा प्रश्न निराळाच निघाला. साहेबाच्या बंगल्यातल्या चुलीवर देवाचा नैवेद्य कसा करायचा? जुन्या वस्तूबरोबर तिच्यावर पूर्वी काय शिजले, कोणी शिजवले, हा विचार येतोच आणि त्या काळी तो अनेक घरांत बोलून दाखवला जाई. आजीने वाद घातला नाही. तिने चूल राखेने घासली, गोमूत्र शिंपडले, हळदकुंकू वाहिले आणि पहिल्या जाळावर दूध उतू घातले. त्या वर्षीचे गणपतीचे मोदक त्याच चुलीवर उकडले.

धुराचा हिशेब

जुन्या चुलीवरच्या भाकरीची चव आपण मोठ्या आवडीने सांगतो. पण ती सांगणारे बहुतेक जेवणारे असतात, फुंकणी फुंकणारे नसतात. जमिनीवरच्या चुलीपुढे बसून आमच्या आजीचे डोळे कायम लाल असत. धुराड्याची चूल आल्यावर ती उभी राहून रांधू लागली आणि भिंत काळी व्हायची थांबली. लोखंडाच्या त्या पेटीने घराला दिलेली सर्वांत मोठी देणगी ही होती.

हा प्रश्न देशभराचा होता. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने वर्ध्यात ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याच्या मगनवाडीचे नाव मगन चुलीशी जोडले गेले. हैदराबादच्या एस. पी. राजूंनी १९५३मध्ये निर्धूर चुलीवर पुस्तिका लिहिली. १९८०च्या दशकात सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम घेतला आणि २०१६ साली उज्ज्वला योजना आली. घरातल्या धुरापासून बायकांची सुटका व्हायला इतकी वर्षे लागली.

पुराचे दिवस

आमच्याकडे गॅस आल्यावर चूल अगाशीत गेली, छपराखाली, अंघोळीच्या पाण्यापुरती. ऑगस्ट २००६मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. वीज नव्हती, सिलिंडर मिळत नव्हते. तेव्हा मोडक्या खाटेची लाकडे आणि फळांच्या खोक्यांच्या फळ्या घालून ती चूल पुन्हा पेटली. आजूबाजूच्या घरांनी आपापले तांदूळ आणि डाळ आणली आणि सगळ्यांची खिचडी एका पातेल्यात शिजली. त्यात गुजराती घरे होती, ओडिया कामगार होते आणि आम्ही होतो. ही चूल कुठून आली, असे त्या वेळी कोणी विचारले नाही.

वाचकांना विनंती

आज हजिऱ्याचा वायू नळाने घरोघरी येतो आणि ते चांगलेच आहे. लाकडाच्या चुलीकडे परत जा, असे आमचे म्हणणे नाही. पण आपल्या घरात बिडाची चूल, शेगडी किंवा बंब असेल तर विकण्यापूर्वी एवढे करा. त्यावर ओतलेले नाव किंवा आकडा शोधा, छायाचित्र घ्या. ती कोणी घेतली, कशी आणली, तिच्यावर कोणी रांधले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना, विशेषतः आजीला, काकूला, आत्याला विचारून लिहून काढा आणि एक प्रत मंडळाच्या ग्रंथालयात द्या. सनावळ्या पुस्तकांत सापडतात. स्वयंपाकघराचा इतिहास मात्र माणसांकडेच आहे आणि तो सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

गणपती बाप्पा मोरया!