खडकपूर्णेचा पूल आणि इंटरनेटची वाट

आंबेडकरी चळवळीच्या इतिहासात आपला शब्द आपल्याच साधनाने समाजापर्यंत पोहोचविण्याची धडपड अखंड दिसते. ३१ जानेवारी १९२० रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केला, तेव्हा पैसे देऊ केले असतानाही त्याची जाहिरात ‘केसरी’ने छापली नाही. पुढे ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ आणि ‘प्रबुद्ध भारत’ ही पत्रे याच गरजेतून जन्मली. ज्याच्या हाती साधन नाही, त्याचे दुःखही इतरांच्या मर्जीवर जगते, हे बाबासाहेबांनी ओळखले होते.

बुलडाणा जिल्ह्यातील दुसरबीडच्या परिसराने या सत्याचा अनुभव घेतला आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या आणि ठरावाची अंमलबजावणी थांबली. म्हणून ११ नोव्हेंबर १९७९ रोजी प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली दीक्षाभूमीवरून औरंगाबादच्या दिशेने लाँगमार्च निघाला. २७ नोव्हेंबरला तो या परिसरातील खडकपूर्णा नदीच्या पुलावर पोलिसांनी अडविला. लाठीहल्ला झाला, हजारो स्त्रीपुरुषांना अटक झाली. त्या काळी चळवळीचा निरोप पत्रकांनी, भीमगीतांनी आणि विहारांतील सभांनी जात असे. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. परंतु त्या रात्री पुलावर असलेल्या सामान्य माणसांच्या साक्षी फारच थोड्या लिहिल्या गेल्या.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. बहुतेक मोठ्या वृत्तपत्रांनी प्रारंभी तिची यथोचित दखल घेतली नाही. तेव्हा ई-मेल, संकेतस्थळे व मोबाईल संदेश यांद्वारे सत्यशोधन अहवाल आणि छायाचित्रे देशभर गेली. मात्र २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आरोपींना खुनाबद्दल दोषी ठरविले, पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली नव्हे. हाक सर्वत्र पोहोचली होती. जातीय हेतू मात्र न्यायालयात सिद्ध झाला नाही. हाक आणि पुरावा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा या घटनेचा धडा होय.

२० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने याच कायद्याची धार बोथट झाली. त्याविरुद्ध २ एप्रिलचा भारत बंद मुख्यतः समाजमाध्यमांवरून पसरलेल्या आवाहनातून उभा राहिला. त्या दिवशी अनेकांचे प्राण गेले. ऑगस्टमध्ये संसदेने १८-अ हे कलम घालून कायद्याची मूळ शक्ती परत आणली. खेड्यापाड्यांतील तरुणांनी हातातल्या मोबाईलवरून उठविलेला आवाज संसदेपर्यंत जाऊ शकतो, हे यातून दिसले.

तथापि ज्या वेगाने सत्य जाते, त्याच वेगाने अफवाही जाते. केसपुत्त येथील कालामांना तथागतांनी केवळ ऐकीव म्हणून, परंपरा म्हणून वा ग्रंथात आहे म्हणून काही स्वीकारू नये, असा उपदेश केला. मोबाईलवर आलेला प्रत्येक संदेश पुढे धाडण्यापूर्वी ही कसोटी लावणे आम्ही सम्यक वाचेचाच भाग मानतो. एक खोटा संदेश दहा खऱ्या तक्रारींवरचा विश्वास उडवितो. त्याची किंमत गावातील सर्वांत दुर्बल कुटुंबाला मोजावी लागते.

लाँगमार्चमध्ये चाललेले तेव्हाचे तरुण आज साठी ओलांडून गेले आहेत. दुसरबीड व भोवतालच्या गावांतील उपासक-उपासिकांनी त्यांच्या साक्षी तारीख आणि गाव यांसह ध्वनिमुद्रित कराव्यात, कागदावर उतरवाव्यात, विहारात जतन कराव्यात आणि मगच इंटरनेटवर ठेवाव्यात, असे आम्हांस वाटते. अत्याचाराच्या प्रत्येक घटनेतही संदेशाआधी लेखी तक्रार आणि तिची पोच हाती असावी. ‘मूकनायक’च्या काळी साधन नव्हते, तरी शब्द जोखलेला होता. आज साधन प्रत्येकाच्या खिशात आहे. शब्द जोखण्याची जबाबदारी आपली आहे.